नाना पेठेतले बॅटरीवाले: आधी मीटर, मग बोलणं

नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळापासून क्वार्टर गेटकडे निघालं की गाड्यांच्या स्पेअर पार्टची दुकानं लागतात. तिथल्या एका बोळाच्या तोंडाशी रेडिएटर दुरुस्तीवाला बसतो आणि त्याला लागून हे बॅटरीचं दुकान. दहा बाय बाराची जागा, दोन्ही भिंतींना लाकडी फळ्या, फळ्यांवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या आणि कोपऱ्यात एकच स्टूल. नाव आणि नंबर मी देत नाही, कारण मालकांनीच सांगितलं, "बाई, नंबर टाकू नका, फोन उचलायला माणूस नाही." पण त्यांच्याबद्दल लिहिल्यावाचून मला राहवत नाही. आमच्या गाडीवर पंचवीस हजारांचा खर्च सांगितला गेला होता. यांनी तो दोन हजारांच्या आत आणला, आणि प्रत्येक पायरीला काय चाललंय ते मला दाखवून आणला.

बॅटरी पार उतरल्यावर गाडी एकामागून एक तक्रारी काढायला लागते, तो अनुभव ज्यांना येईल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची गाडी २०१७ सालची, छोटी, पेट्रोलवरची. मी शाळेत होते तोवर ती रोज चालायची. निवृत्तीनंतर चालणं कमी झालं, आणि एप्रिलमध्ये ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जाण्यापुरतीच ती बाहेर निघते. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून सकाळी सेल्फ जरा जड लागत होता. एक-दोन सेकंद जास्त घ्यायचा, मग सुरू व्हायची. तेव्हाच दाखवायला हवी होती. ऑगस्टमध्ये आम्ही रेल्वेनं नागपूरला मुलीकडे गेलो, अकरा दिवस राहिलो, गुरुवारी रात्री परत आलो. शुक्रवारी सकाळी साडेनऊची फिजिओची वेळ. खाली उतरून रिमोटचं बटण दाबलं, काही नाही. किल्लीनं दार उघडलं, आतला दिवा लागला नाही. किल्ली फिरवली तर डॅशबोर्डवर एक फिकट नारिंगी दिवा जेमतेम दिसला आणि विझला. हॉर्न दाबला, त्यालाही आवाज नाही.

आमच्या सहकारनगरात तळजाईच्या अंगानं रस्त्याला चांगला उतार आहे. सोसायटीतली तीन मुलं धावून आली. दुसऱ्या गिअरमध्ये टाकून दोन वेळा धक्का दिला, इंजिन फिरलं, पण धरलं नाही. मुलं तिसऱ्यांदा ढकलायला तयार होती. मीच नको म्हटलं, हे उतारावर हात धरून उभे होते, त्यांच्याकडे बघवेना. पुढे नाना पेठेत याचं कारण कळलं. जुन्या फियाटला पेट्रोल पंप इंजिनवरच चालायचा, कॉइलपुरता जरा करंट उरला असला तरी धक्क्यानं गाडी धरायची. आताच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीत असतो आणि तो विजेवर चालतो. किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे कॉम्प्युटर ठरवतो, त्यालाही वीज लागते. बॅटरी नुसती अशक्त असेल तर धक्का उपयोगी पडतो, पार रिकामी असेल तर नाही. आणि बॅटरीत थोडा जीव असताना पुनःपुन्हा ढकलत बसलं तर न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो. थांबलो ते बरंच झालं.

मग वरच्या मजल्यावरच्या मुलानं आपली गाडी समोर आणून जम्पर, म्हणजे दोन गाड्यांच्या बॅटऱ्या जोडणाऱ्या वायरी, लावला. पाच मिनिटं त्याची गाडी चालू ठेवली, मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. मला वाटलं, सुटले. पण खरा त्रास तिथून सुरू झाला.

घड्याळ एकवर येऊन बसलं होतं, रेडिओची स्टेशनं पुसली होती, ते चालण्यासारखं. पण डॅशबोर्डवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा तसाच जळत होता. एबीएसचाही, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. माझ्या बाजूची काच एकदा बटण दाबलं की आपोआप खालपर्यंत जायची, ती आता बटण धरून ठेवलं तरच सरकत होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्लच दाबून गाडी थांबवली की इंजिनचा आवाज खाली पडायचा, थरथरायचं, कधी कधी बंदच पडायचं. लक्ष्मीनारायणच्या चौकात सिग्नलला दोनदा बंद पडली. मागच्या बसचा हॉर्न, बाजूला पाय लांब करून बसलेले हे, आणि मी एक पाय ब्रेकवर ठेवून दुसऱ्यानं क्लच सांभाळत किल्ली फिरवतेय. पुन्हा सुरू होत होती एवढंच नशीब. कशीबशी पोहोचले, गाडी बंद केली. तासाभरानं येऊन किल्ली फिरवली तर बॉनेटखालून नुसतं टकटकटकटक. रिलेचा आवाज. सेल्फ फिरेना.

जवळच्या एका गॅरेजमधून माणूस आला. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं जम्पर लावून गाडी सुरू केली आणि चालू इंजिनवरच बॅटरीचा टर्मिनल काढायला पान्हा लावला. म्हणाला, टर्मिनल काढल्यावर गाडी बंद पडली तर अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर वीज तयार करणारा भाग, गेला. का कोण जाणे, मला ते पटलं नाही, मी हात धरून थांबवलं. मग गाडी गॅरेजात नेली आणि संध्याकाळी फोन आला: बॅटरी बदलावी लागेल ४,८००, अल्टरनेटर ९,५००, थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारी झडप, ११,०००. शिवाय स्टिअरिंगची मोटर "बघावी लागेल". एकूण २५,३०० आणि वर ते स्टिअरिंग. मी विचारलं, बॅटरीचे व्होल्ट किती आले? उत्तर आलं, "मॅडम, बॅटरी डेडच आहे, व्होल्ट काय बघायचे?"

मी तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं. न मोजता सांगितलेल्या उत्तराला मी वहीत कधी गुण दिले नाहीत. चारशे रुपये देऊन गाडी तिथेच रात्रभर उभी करू द्या म्हटलं.

दुकानाचा पत्ता आम्हाला घरी सोडणाऱ्या रिक्षावाल्यानं आदल्या दुपारीच दिला होता. "काकू, नाना पेठेत जा. ते मीटर लावल्याशिवाय तोंड उघडत नाहीत." शनिवारी सकाळी साडेनऊला फोन केला, तो मालकांनी चक्क उचलला. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: गाडी किती दिवस उभी होती, जम्पर लावल्यावर काय काय झालं, आणि गाडीत बाहेरून काही बसवून घेतलंय का. मी सांगितलं, दोन वर्षांपूर्वी म्युझिक सिस्टिम बसवली आणि सीटखाली छोटा अ‍ॅम्प्लिफायर. पलीकडून क्षणभर शांतता आणि मग, "हं. पोराला पाठवतो."

पोरगा म्हणजे त्यांचा भाचा, त्यांना मामा म्हणतो. दुचाकीच्या पायांशी चार्ज केलेली बॅटरी ठेवून गॅरेजात आला, ती आमच्या गाडीला लावली, आमची जुनी डिकीत ठेवली आणि म्हणाला, "काकू, एसी लावू नका, पाय थोडा अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवा, चला." स्वारगेट, रामोशी गेट करत आम्ही पोहोचलो.

मालक पन्नाशीचे, शर्टाच्या पुढच्या बाजूला अ‍ॅसिडनं पडलेली बारीक भोकं. बॉनेट उघडल्यावर त्यांनी काही न बोलता आधी टर्मिनलच्या जागा बघितल्या. प्लसवर पांढरट-हिरवट भुकटी साचली होती. दुकानाच्या मागून पोरानं गरम पाणी आणलं, त्यात खायचा सोडा टाकला आणि ते ब्रशनं लावलं. फसफसून वर आलं आणि खाली शिसं स्वच्छ दिसायला लागलं. आम्ल आणि अल्कधर्मी मीठ, वर येणारा कार्बन डायऑक्साइड. हा प्रयोग मी वर्गात किती वेळा केला असेन, पण गाडीवर पहिल्यांदा बघितला. कोरडं करून वर व्हॅसलीन लावलं.

मग जुनी बॅटरी बाकावर ठेवून मीटर लावला. १०.९ व्होल्ट. कागदाच्या पाठीमागे त्यांनी ते लिहिलं आणि मला बघायला बोलावलं. "मॅडम, हे बघा. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. १२ म्हणजे पाव. ११.८ च्या खाली म्हणजे काहीच उरलेलं नाही. ही मेली नाहीये, उपाशी आहे." मी म्हटलं, सहा घट, प्रत्येकी २.१ व्होल्ट, एकसर जोडणी. ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शिक्षिका आहात का?" तेव्हापासून मॅडमची बाई झाले.

चार्जिंग त्यांनी हळू लावलं. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणून धारा साडेतीन अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या एक दशांश. रिकाम्या पडलेल्या बॅटरीत प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. जितके दिवस पडून राहील तितके त्याचे स्फटिक कडक होतात आणि मग सहजासहजी विरघळत नाहीत. जोरानं चार्ज केलं तर बॅटरी तापते, आत प्लेटा वाकतात. "रात्रभर राहू दे, सोमवारी बघू," म्हणाले. जम्पर लावून सहा किलोमीटर गाडी चालवली म्हणजे बॅटरी भरली, असं मी धरून चालले होते, तेही त्यांनी दुरुस्त केलं. अल्टरनेटर खर्च झालेलं भरून काढण्यासाठी असतो, पार रिकामी बॅटरी भरण्यासाठी नाही. वीस मिनिटांच्या रहदारीत ती थोडीशीच भरते, आणि अल्टरनेटरवर ताण येतो तो वेगळाच.

आता अल्टरनेटर. इंजिन चालू करून तात्पुरत्या बॅटरीच्या दोन टोकांना मीटर समांतर लावला: १४.२. मग हेडलाइट, पंखा, एसी, सगळं चालू करायला सांगितलं: १३.७. "हा साडेनऊ हजारांचा भाग. ठणठणीत आहे." दोन मिनिटांचं काम. चालू इंजिनवर टर्मिनल काढण्याच्या पद्धतीबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. जुन्या गाड्यांच्या वेळची ती सवय आहे. बॅटरी मध्ये असते तोवर ती उसळणारा दाब झेलते. ती काढली की अल्टरनेटरचे व्होल्ट एकदम वर उडी घेतात आणि ती उडी थेट गाडीच्या कॉम्प्युटरवर जाते. हात धरला हे चांगलं केलंत, म्हणाले.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

गाडी बंद केली, किल्ली बाहेर काढली, सगळी दारं लावली. बॉनेट उघडंच, पण त्याच्या कुलपाची कडी स्क्रू ड्रायव्हरनं दाबून लावलेली, म्हणजे गाडीला वाटावं की बॉनेट बंद आहे. बॅटरीची मायनसची केबल काढली आणि ती केबल आणि बॅटरीचं टोक यांच्या मधोमध मीटर. म्हणजे अ‍ॅमीटर एकसर जोडणीत, परिपथातून जाणारी सगळी धारा त्याच्यातूनच जाणार. मीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात. आकडा आला २.१ अँपिअर. मी घाबरले. "थांबा," म्हणाले, "गाडी अजून जागी आहे. झोपू द्या." आम्ही थांबलो. पोरगा शेजारून चहा घेऊन आला. गाडीतले छोटे कॉम्प्युटर एकेक करून बंद होत गेले तसा आकडा उतरत गेला, १.४, ०.७, आणि पंचवीस मिनिटांनी ०.३६ वर आला. तिथे थांबला. खाली जाईना.

झोपलेल्या गाडीनं साधारण ०.०२ ते ०.०५ अँपिअर खावेत. घड्याळ, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटरची स्मरणशक्ती, एवढ्यासाठी. आमची सात पटीनं वर होती. कागद माझ्या हातात होता, मी गुणाकार केला. ०.३६ गुणिले २४ म्हणजे दिवसाला साडेआठ अँपिअर-तासांहून थोडं जास्त. ३५ ची बॅटरी चार दिवसांत संपते. नागपुरात आम्ही रामटेकला गेलो तो चौथा दिवस. गडाच्या पायऱ्या ह्यांना चढता येणार नाहीत म्हणून आम्ही गाडीनं वर गेलो होतो, आणि इकडे तळघरात आमची गाडी त्याच संध्याकाळी रिकामी झाली असणार. पुढचे सात दिवस ती तशीच पडून होती. आणि पावसाळ्यात सेल्फ जड का लागत होता तेही तिथेच उलगडलं. रोज चालवायचे तेव्हा रात्री गेलेलं दिवसा भरून यायचं, आठवड्यातून तीनदा चालवल्यावर येईना.

मग फ्यूज. एकेक फ्यूज चिमट्यानं उपसायचा, मीटरकडे बघायचं, परत लावायचा. पोरगा आत वाकलेला, मालक मीटरशी, मी कागद घेऊन. पहिला, काही फरक नाही. दुसरा, नाही. सहावा उपसला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. म्युझिकचा. मालकांनी फोनवरच ताडलं होतं, पण मीटरनं दाखवेपर्यंत त्यांनी एक शब्द काढला नव्हता.

सिस्टिम बाहेर ओढली. मागे वायरींचा गुंता आणि त्यावर काळी टेप, उन्हानं चिकट झालेली. बाहेरून बसवायच्या सिस्टिमला दोन वायरी वीज देतात, एक पिवळी आणि एक लाल. पिवळी कायम बॅटरीवर असते, स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी. लाल किल्लीवर असते, किल्ली फिरली की सिस्टिमला उठवण्यासाठी. बसवणाऱ्यानं दोन्ही एकत्र पिळून पिवळीच्याच जागी लावल्या होत्या. सिस्टिमचा पडदा विझला तरी आत ती जागीच राहायची, आणि तिच्याबरोबर सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायरही. सीटखाली हात घातला तर तो पाऊण तासापूर्वी बंद केलेल्या गाडीतही कोमट लागत होता. दोन वर्षं मी त्या सीटवर बसले.

लाल वायर त्यांनी वेगळी केली, किल्लीवरच्या लाइनला जोडली, मध्ये फ्यूज घातला. टेप नाही, कथिलानं डाग देऊन वर नळी सरकवली आणि ती लायटरच्या आचेवर आवळून घेतली. पुन्हा सगळं बंद, पुन्हा पंचवीस मिनिटं. ०.०३. ते कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. हा हिशोबही मी केला: आता दिवसाला पाऊण अँपिअर-तासापेक्षा कमी जातं. तीन आठवडे गाडी उभी राहिली तरी बॅटरी अर्ध्याच्या वर राहील.

आता उरले ते दिवे आणि ते थरथरणारं इंजिन, म्हणजे गॅरेजवाल्याच्या हिशोबानं थ्रॉटल बॉडी आणि स्टिअरिंगची मोटर. मालकांचं म्हणणं असं की बॅटरी पार उतरली की गाडी बरंच काही विसरते, आणि विसरलेलं आणि बिघडलेलं यात फरक करता आला पाहिजे. सिग्नलला उभं असताना हवेची झडप किती उघडी ठेवायची हे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं शिकत आलेला असतो, झडपेवर जमलेला काजळीचा थर धरून. वीज गेली की ते शिकलेलं पुसतं, आणि तो कोऱ्या गाडीचा आकडा घेऊन सुरुवात करतो. पण झडप कोरी नसते. म्हणून हवा कमी पडते आणि इंजिन बसतं. त्यांनी नळी काढून झडप दाखवली, कडेला काळं कडं होतं. फवारा मारून फडक्यानं पुसली. मग इंजिन चालू करून एसी, दिवे, काही न लावता उभं ठेवलं, रेडिएटरचा पंखा फिरून थांबेपर्यंत. मग पाच मिनिटं एसी लावून. इंजिनच्या फेऱ्यांचा आकडा मिनिटाला आठशेच्या आसपास स्थिरावला. ही रीत गाडीगणिक वेगळी असते, काहींना स्कॅनरनंच करावं लागतं, हे त्यांनी बजावून सांगितलं.

स्टिअरिंगसाठी त्यांनी मला आत बसवलं. इंजिन चालू, चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मग सरळ. दिवा विझला. मी एवढा वेळ ज्या मोटरच्या खर्चाची धास्ती घेतली होती तिला फक्त मध्य कुठे ते सांगायचं होतं. काचेसाठी बटण वर ओढून धरायचं, काच पूर्ण बंद झाल्यावरही दोन-तीन सेकंद तसंच. आपोआप जाण्याची खोड परत आली. एबीएसचा दिवा बोळातून बाहेर पडून थोडा वेग घेतल्यावर गेला. शेवटी स्कॅनर लावला. बिघाडाचे चार कोड साठलेले, त्यातले तीन सरळ सरळ व्होल्टेज कमी पडल्याचे. ते आधी कागदावर उतरवले, मग पुसले. "सोमवारपर्यंत चालवा. परत आले तर खरा बिघाड समजायचा." परत आले नाहीत.

सोमवारी बॅटरी घ्यायला गेले. रात्रभर चार्ज होऊन रविवारभर नुसती ठेवलेली, १२.६. झाकणं उघडून हायड्रोमीटरनं सहाही घटांतल्या अ‍ॅसिडची घनता तपासली, पाच १.२४०, एक १.२२०. मग बॅटरीवर भार टाकून बघणारा लोड टेस्टर. जड चिमटे लावून पंधरा सेकंद दाबून धरलं, काटा १०.१ वर टिकला. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरी बाद. मी स्वतःच म्हटलं, नवीनच घालून टाका, परत रस्त्यात नको. त्यांच्या मागे फळीवर नव्या कोऱ्या बॅटऱ्या होत्या, चार हजार सातशेची एक तिथल्या तिथे विकली गेली असती. ते म्हणाले, "बाई, तिची थोडी ताकद गेलीय हे खरं. बॅटरीला थंडीपेक्षा उन्हाळा मारतो. मार्चमध्ये या, परत लोड लावू, तेव्हा पडली तर बदलू. आज बदलायचं कारण नाही." बॅटरी बदलताना त्यांनी एक लहान बॅटरी चिमट्यांनी समांतर लावून ठेवली, म्हणजे मधल्या काळात गाडीला वीज मिळत राहिली आणि शिकलेलं पुन्हा पुसलं नाही.

जम्परची पद्धतही दाखवली, कारण वरच्या मजल्यावरच्या त्या मुलानं चारही चिमटे बॅटऱ्यांनाच लावले होते. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना बरोबर उलट क्रम. आमच्या सोसायटीच्या फलकावर मी हे मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे.

बिल हातानं लिहिलेलं: गॅरेजात येऊन बॅटरी लावणं ३००, तपासणी ४००, चार्जिंग २००, तात्पुरत्या बॅटरीचं भाडं २००, वायरिंग ३५०, थ्रॉटल सफाई ५००. एकूण १,९५०.

तक्रारी आहेत, त्याही सांगते. आमची जुनी बॅटरी डिकीत ठेवताना पोरानं खाली ट्रे किंवा जाड प्लास्टिक घातलं नाही. अ‍ॅसिड पाझरून डिकीच्या गालिच्यावर तळहाताएवढा डाग पडला. मी दाखवल्यावर मालकांनी लगेच सोड्याच्या पाण्यानं धुवून दिलं आणि पोराला माझ्यादेखतच बोलले, पण तिथली लव गेली ती गेलीच. घरी किंवा गॅरेजात बोलावणार असाल तर बॅटरी खाली ठेवण्यासाठी आपलं घमेलं किंवा प्लास्टिकचा टब तयार ठेवा. दुसरं म्हणजे बसायला जागा नाही. शनिवारी मी साडेदहा ते दोन तिथे होते, त्यात स्टूल अर्धा वेळ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. ह्यांना बरोबर नेलं नाही ते बरं झालं. गाडी बोळातच उभी राहते, मागून टेम्पो आला की काम थांबवून ती पुढे-मागे करावी लागते, त्यात मीटर काढावा लागला तर पंचवीस मिनिटांची झोप पहिल्यापासून. शिवाय त्यांचा स्कॅनर जुना आहे. माझ्या समोर एक हायब्रिड गाडी आली, तिला हात न लावता त्यांनी सांगितलं, ही माझ्याकडे होणार नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. तो माणूस रागावून गेला. मला उलट त्यामुळे त्यांच्यावर जास्त विश्वास बसला.

गणपतीत आम्ही सातारला नऊ दिवस होतो. परत आल्यावर दार उघडण्याआधी मी बॉनेट उघडलं आणि तीनशे रुपयांना घेतलेला मीटर लावला. १२.५. किल्ली फिरवली, पहिल्या सेल्फला सुरू. हे वर खिडकीतून बघत होते, त्यांना हात केला.

जायचं असेल तर सोमवार टाळा, रविवार बंद असल्यामुळे त्या दिवशी रांग असते. मंगळवारी-बुधवारी साडेदहाच्या आत पोहोचा. फोन दुपारी दोन ते चार उचलत नाहीत. गाडीत म्युझिक, कॅमेरा, ट्रॅकर, जे काही बाहेरून बसवलं असेल ते आधीच सांगा आणि ते कुठल्या वर्षी बसवलं तेही. आणि निघताना आकडे लिहिलेला तो कागद मागून घ्या. सांगितल्याशिवाय ते देत नाहीत, मागितला की सही करून देतात. माझा गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवला आहे, मार्चमध्ये लोड लावायला जाईन तेव्हा बरोबर नेणार आहे.